छातीतली धडधड आणि दोन किलो उडीद

...म्हणजे छाती माझी धडधडतेय, हातपाय माझे गार पडतात, आणि डॉक्टर कागद हलवून म्हणतात काय, "मयुरीताई, रिपोर्ट नॉर्मल!" अहो, सातवी शिकलेय मी, नॉर्मल म्हणजे काय ते कळतं मला, पण मग हे आत कोण नाचतंय? तुम्हाला सांगते, लग्न होऊन धुळ्याला आले, दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, हे सकाळी कंपनीत जातात ते अंधार पडल्यावर उगवतात, आणि दिवसभर मी अन् आमची दहा महिन्यांची पुनम... ती बोलते, नाही असं नाही, पण "बूऽऽ"च्या पुढे गाडी जात नाही! आणि डोक्यात एकच, मला इथेच काही झालं तर त्या लेकराला उचलायला कोण येईल? कडी आतून!

छातीची पट्टी काढली, ते ईसीजी का काय, रक्त काढलं... रिपोर्ट नॉर्मल! डॉक्टर म्हणाले, "एकट्या पडलात तुम्ही. मनातलं अंगावर येतं. चार बायकांत बसा." गोळी असती तर मेडिकलमधून आणली असती, बायका कुठून आणू?

मग सुचलं... पापड! आमच्या धरणगावकडे उडदाचं पीठ कुटायचा आवाज गेला की गल्लीतल्या बायका पोळपाट-लाटणं घेऊन हजर. बोलवायचं नसतं बरं का, उलट राग येतो, "आम्ही काय परक्या?" म्हणून मीही नाही बोलावलं. दोन किलो पीठ भिजवलं, चटई अंथरली, घेतला वरवंटा... धाड धाड! कुणी नाही. आणखी जोरात... आणि बेल वाजली! गाऊनवर ओढणी घेत पळाले, तर दारात खालच्या मजल्यावरच्या झुंबरअक्का, कमरेवर हात!

"काय कुटी ऱ्हायनी वं? माले बीपी शे! मना डोकाम्हा घण पडी ऱ्हायनात!"

"अक्का, पापड..."

त्यांनी पिठाला बोट लावलं. "हाई पीठ शे का चिखल? सरक तिकडे!"

बसल्या की हो! दोन तास मला, माझ्या आईला, माझ्या लाटण्याला नावं ठेवली, पुनम त्यांच्या मांडीवर झोपून गेली, आणि माझी छाती... गप्प! जाताना दम, "परत कुटशी ना, ते घरमालकले सांगसु!"

मग काय, दर मंगळवारी कुटते. पीठ नसलं तरी कुटते! अक्का येतात, भांडतात, चहा पितात. तीन महिन्यांत त्यांचं बीपी उतरलं, डॉक्टर म्हणाले, "अक्का, रिपोर्ट नॉर्मल!"

आणि तिथेच घात झाला. जळगावहून त्यांचा मुलगा आला, "आई, आता प्रवास झेपेल तुला," आणि घेऊन गेला कायमची.

या मंगळवारी कुटलं. खूप कुटलं. खाली कुलूप... तक्रार करायलासुद्धा कुणी नाही हो! पुनम म्हणाली, "बूऽऽ." छाती धडधडतेच आहे... पण काळजीचं काही नाही, अक्कांचा रिपोर्ट नॉर्मल आहे!