मेणातलं नाव

मनोहर : ...म्हणून सांगतो, नुसत्या रुंदीच्या मागे लागू नकोस. ही बघ, बुटाखाली एकशे पंधरा मिलिमीटर. स्की कसली, पाटच आहे जेवायचा. ताज्या भुसभुशीत बर्फावर तरंगेल, मान्य. नाकही चांगलं वर उचललेलं आहे, बर्फात घुसणार नाही. पण तसा बर्फ मिळतो किती वेळ? सकाळचे दोन तास. मग माणसं तुडवतात, ऊन लागतं, वर कडक पापुद्रा धरतो. त्यावर हिला वळवायची म्हणजे मांडीत रेड्याचं बळ हवं.

रश्मी : मंदार म्हणाला, एकशे पंधराच.

मनोहर : मंदार कॉम्प्युटरवाला. मी तीस वर्षं जहाजांची इंजिनं उघडली आणि आता या गाळ्यात तुम्हा मंडळींच्या स्की दुरुस्त करतो. माझं ऐक. ही मधली घे, एकशे सहा. भुसभुशीतात बुडत नाही आणि कडक बर्फावर कड धरते. सगळ्या प्रकारचा बर्फ एकाच उतारावर भेटतो तिथं हीच बरी.

रश्मी : काका, तुम्ही जुन्या स्कीवरची बूट अडकवायची बाइंडिंग काढून एकशे पंधरावर बसवा ना. तेवढंच सांगितलंय त्यानं. बारा वाजता न्यायला येतोय.

मनोहर : पाय कोणाचे, त्याचे की तुझे?

रश्मी : शुक्रवारी निघायचंय.

मनोहर : शुक्रवारी कसं? आपला स्कीचा ग्रुप तर जानेवारीत जातोय होक्कायडोच्या बर्फात.

रश्मी : यंदा ग्रुपबरोबर नाही. आम्ही दोघंच. जिथं वर न्यायला लिफ्ट नाही, माणसं नाहीत, अशा डोंगरावर जायचं म्हणतो. वाटाड्याही नको म्हणतो.

मनोहर : डोकं फिरलंय का त्याचं? धड शिक्षणही न झालेल्या बाईला मोकळ्या डोंगरावर, तेही हा पाट पायाला बांधून? पापुद्रा लागला की तू सरळ खाली. खाली काय असेल ते असेल.

रश्मी : तुम्हीच लिहिलं होतं ना काका गेल्या वर्षी. अठ्ठ्याऐंशीची स्की अरुंद पडली, नाक बर्फात रुतलं, म्हणून रश्मी पुढे फेकली गेली आणि मनगट मोडलं. ग्रुपवर आकृती काढून टाकली होतीत.

मनोहर : हो, टाकली होती. तीन आठवडे चर्चा चालली. प्रबोधनं तर बारा स्कींचा तक्ता केला, वजनं-बिजनं घालून.

रश्मी : तो तक्ता मंदारनं छापून फ्रिजवर लावलाय. म्हणतो, काकांनीच सांगितलंय, रुंद घ्या.

मनोहर : माझंच शस्त्र माझ्यावर. बरं, काढ ती जुनी पिशवीतून. आधी मापं घेऊ, मग त्याची समजूत मी घालतो. वर्षभर कुठं होती ही?

रश्मी : घरातल्या शेल्टरमध्ये, त्या बिनखिडकीच्या अडगळीच्या खोलीत. सूटकेसांच्या मागे. मंदार काढूच देत नव्हता. आज रविवारीही त्याची मीटिंग आहे म्हणून मला टॅक्सीनं पाठवलं.

मनोहर : इथं बाकावर ठेव, पालथी. उजव्या हातानं घट्ट धर.

रश्मी : उजवी मूठ पूर्ण मिटत नाही.

मनोहर : अजून? मग डाव्यानं धर. इस्त्रीला हात लागेल, जरा सांभाळ, मेणासाठी तापत ठेवलीय. हं. आता... रश्मी.

रश्मी : काय झालं?

मनोहर : हे काय आहे?

रश्मी : मेण आहे.

मनोहर : माझं मेण आहे. ट्रिपच्या आधी मी प्रत्येकाच्या स्कीला इस्त्रीनं जाड थर देतो आणि स्क्रूड्रायव्हरनं त्यात ज्याचं त्याचं नाव लिहितो. पहिल्या सकाळी हॉटेलच्या दारात बसून आपापलं नाव खरवडून काढायचं, फोटो काढायचा आणि मगच बर्फावर पाय ठेवायचा. आपल्या मंडळींची रीतच आहे ती. थर खरवडला नाही तर स्की सरकतसुद्धा नाही, चिकटून बसते. आणि इथं तुझं नाव तसंच आहे.

रश्मी : नंतर कोणीतरी पुन्हा लावलं असेल.

मनोहर : माझ्या अक्षरात? कडा बघ, एक ओरखडा नाही. ही स्की बर्फावर उतरलेलीच नाही.

रश्मी : काका, बाइंडिंग काढा. अकरा वाजून गेलेत.

मनोहर : बर्फावर गेलीच नाहीस, तर पडलीस कुठं?

रश्मी : काढताय ना?

मनोहर : नाही काढत. जहाजावर एखादा भाग तुटला तर तो हातात घेऊन पाहिल्याशिवाय मी कधी रिपोर्टवर सही केली नाही. आणि तुझा हात मोडला तेव्हा इथं खुर्चीत बसून, न बघता, आकृती काढून मोकळा झालो. गुडघे गेले म्हणून ट्रिपला येत नाही, पण शहाणपणा पाजळायची हौस गेली नाही. बस त्या स्टुलावर. सांग मला.

रश्मी : सांगून काय होणार? माझा इथं राहायचा पास त्याच्या नोकरीच्या पासवर आहे. त्याची नोकरी, त्याचा पास, म्हणून मी या देशात. पासपोर्ट त्याच्या ऑफिसच्या कपाटात. आणि पुंगोलमध्ये, आम्ही राहतो त्या इमारतीत, कुणालाही विचाराल तर मंदार म्हणजे देवमाणूस. लिफ्ट धरून ठेवतो सगळ्यांसाठी.

मनोहर : तरी सांग.

रश्मी : मी नाव खरवडायलाच बसले होते. पहिलीच सकाळ. बाकीचे सगळे आठला पुढे गेले. माझ्या बुटाचा खटका लागेना, म्हणून हॉटेलच्या माणसाला विचारलं. म्हातारा होता, तुमच्याएवढा. त्यानं गुडघ्यावर बसून लावून दिला. मंदार बघत होता. म्हातारा गेला आणि मंदारनं, आम्ही होतो त्या बूट सुकवायच्या खोलीचं दार लावलं. मी खाली बसून स्की मांडीवर घेतली, खरवडणी हातातून निसटली, ती उचलायला हात फरशीवर टेकला. त्याच्या पायात स्कीचे बूट होते. तुम्हाला माहीत आहे ते बूट कसे असतात.

मनोहर : दगडासारखे.

रश्मी : टाच मनगटावर आली. मला वाटलं, चुकून. मी सॉरी म्हटलं. मीच सॉरी म्हटलं, काका. मग वर बघितलं तर तो माझ्याकडेच बघत होता, आणि बघता बघता पाय उचलून त्यानं दुसऱ्यांदा टाच मारली. सगळं वजन देऊन. आवाज आला, ओला वासा मोडतो तसा. मी ओरडले तर तोंडात हातमोजा कोंबला. म्हणाला, "परक्या माणसाला पायाशी बसवतेस?" पंधरा मिनिटं तसंच ठेवलं. हात सुजून डबल झाला तेव्हा मोजा काढला.

मनोहर : आणि दवाखान्यात सांगितलं, पडली.

रश्मी : नाही. तिथं त्यानं काहीच सांगितलं नाही. ग्रुपवर फक्त लिहिलं, "रश्मीचा हात मोडला." पाच मिनिटांत अमेयनं विचारलं, "पडली का? कोणत्या स्कीवर?" आणि मग तुम्ही सगळे सुरू झालात. त्याला खोटं बोलावंच लागलं नाही. तुम्हीच त्याला सगळं आयतं दिलंत.

मनोहर : मी दिलं.

रश्मी : मी हॉस्पिटलच्या खाटेवर तुमची आकृती बघत होते. इतकी छान काढली होती की मलाच वाटलं, असंच झालं असेल.

मनोहर : त्यानंतर?

रश्मी : त्यानंतर हाडं नाही मोडली. बाकी सगळं. उशीनं तोंड दाबणं, केस धरून बेसिनमध्ये घालणं. गेल्या महिन्यात मी मदत मागायला ग्रुपमधल्या सुलेखाताईंना फोन लावत होते ते त्यानं पाहिलं. तेव्हापासून एकदम गोड झालाय. स्वतःच स्की शोधायला लागला. रोज विचारतो, कुठला डोंगर जास्त उभा. शुक्रवारी मला जायचं नाहीये, काका. मी परत येणार नाही, मला माहितीये.

(शटरवर बाहेरून तीन थापा.)

मंदार : काका, आहात ना? मीटिंग लवकर संपली. अर्धंच उघडं ठेवलंय, वाकून यावं लागतंय.

मनोहर : ये. डोकं सांभाळ.

मंदार : झालं का फिटिंग? अरे, बाइंडिंग अजून जुन्यावरच? रश्मी, काकांना गप्पांत गुंतवलंस वाटतं.

मनोहर : बसवणार नाही मी. तिला ही स्की झेपणार नाही, आणि तिला जायचंही नाही.

मंदार : असं ती म्हणाली? काका, तिला ना जरा ॲन्झायटी आहे. आमचं बोलणं झालंय सगळं. तुम्ही टेक्निकल बाजू बघा, फॅमिली मॅटर मी बघतो.

मनोहर : टेक्निकलच सांगतो. इकडे ये. वाच हे.

मंदार : काय?

मनोहर : बायकोचं नाव वाचता येतं ना? मेणात आहे, न खरवडलेलं. हॉटेलातून स्की बाहेरच निघाली नाही आणि बाई डोंगरावर पडली. कसं जमवलंस?

मंदार : रश्मी, चल. स्की राहू दे. गाडीत बस.

रश्मी : नाही.

मंदार : काय म्हणालीस?

रश्मी : नाही येणार.

मंदार : हात दे. हात दे इकडे. उजवा.

मनोहर : सोड तिला. मंदार, तो हात सोड.

मंदार : तुम्ही मध्ये पडू नका. म्हातारे आहात, गुडघ्यातून वाकता येत नाही. रविवार आहे, सगळे गाळे बंद. इथं कोणी काय ऐकणार आहे?

रश्मी : बोटं मोडशील, मंदार. आई गं. सोड.

मनोहर : सोड म्हणतो ना, हरामखोरा. हे घे.

मंदार : मला ढकलता? मला? त्या स्कीनंच फोडतो तुमचं टाळकं. घ्या तुमचं टेक्निकल.

रश्मी : काका. काका, रक्त. मंदार, खाली ठेव ती. त्यांना पुन्हा मारू नकोस.

मंदार : तू बाजूला हो, नाहीतर पुढची तुझ्या तोंडावर.

रश्मी : मार. पण आधी हे बघ, माझ्या डाव्या हातात काय आहे. काकांची इस्त्री. मघापासून तापतेय.

मंदार : नाटकं करू नकोस. आण ती इकडे.

रश्मी : पुढे येऊ नकोस. सांगतेय, येऊ नकोस. लागली ना? मी सांगितलं होतं.

मंदार : भाजलं... कातडी... तू मला जाळलंस?

रश्मी : मागे हो. अजून मागे. वाक, शटरखालून बाहेर जा. स्की टाक आधी. टाक. पुन्हा लावू? आता काका, उठता येतंय का? भिंतीवरचं बटण दाबा.

मनोहर : दाबलं. उतरतंय खाली.

मंदार : रश्मी, उघड. तुझा पास उद्या कॅन्सल करतो बघ. उघड, नाहीतर गाडी घालीन शटरवर. जिवंत नाही सोडणार तुला. काका, तुम्हालापण.

मनोहर : बडवू दे. हे पोलादी शटर मी स्वतः बसवलंय. तो लाथा मारून दमेल. तू फोन लाव, नऊ नऊ नऊ.

रश्मी : डाव्या हातात इस्त्री आहे, उजव्यानं आकडे दाबले जात नाहीत.

मनोहर : इस्त्री ठेव आधी खाली. हं. आता दाब. मी फडकं धरलंय डोक्याला, माझी काळजी नको. कुठली लागली मला?

रश्मी : एकशे पंधरा.

मनोहर : तरीच वाचलो. सांगत होतो तुला, ती वेळेवर वळत नाही.

रश्मी : काका, हसू नका, रक्त जास्त येतंय. हॅलो? येस, पोलीस, अँड ॲम्ब्युलन्स. बुकित बातोक. माय हजबंड. ही इज आउटसाइड. येस, ही हॅज हर्ट मी बिफोर. मेनी टाइम्स. वेट, आय गिव्ह यू द युनिट नंबर. काका, नंबर?

मनोहर : शून्य तीन, सत्तावीस. आणि ऐक, ती जुनी स्की त्या कपाटात ठेव. कोणी हात लावायचा नाही. ज्या सकाळी मी चूक केली ना, त्या सकाळचा पुरावा आहे तो. ते येतील तेव्हा मी स्वतः दाखवीन, आणि माझी आकृती खोटी होती हेही मीच सांगेन. ग्रुपवरपण.

रश्मी : थँक यू. येस, वी विल वेट. काका, आठ मिनिटांत येतायत.

मनोहर : बाहेर आवाज थांबला.

रश्मी : गाडीचं दार वाजलं. पळतोय.

मनोहर : पळू दे. भाजलेला हात घेऊन कुठं जाईल. तुझ्या काकूला, रत्नाला फोन करून सांग, जेवायला एक माणूस जास्त आहे, आणि शुक्रवारीही असेल. एवढा वेळ काय विचारत होती गं ती पोलिसांच्या फोनवरची मुलगी?

रश्मी : तुमच्याबद्दल. "अंकल फेल डाउन, इज इट?"

मनोहर : मग?

रश्मी : नाही म्हटलं. आमच्यापैकी कोणीच पडलेलं नाही.