गाठ माझ्याच खिळ्याला

अहो, बाइंडरचा काय दोष? तुम्हाला सांगतो, छापखान्यात पुस्तक रखडलं की सगळे त्याच्याच नावानं बोंब मारणार! मालक तर कडाडलेच, "सुस्त आहे तो, हाकला!" म्हटलं, मालक, आधीचे तीन हाकललेत, आली का पुस्तकं वेळेवर? नाही ना? मग! दोष माणसात नसतो, मांडणीत असतो!

बावीस वर्षं सुपरवायझर आहे, उगाच पिकले का केस? मालक म्हणाले, "सोमवारी दाखवून द्या, नाहीतर मंगळवारी तो घरी." बाइंडर बिचारा दारात उभा, तोंड एवढंसं... मी काय केलं, भिंतीवर प्रत्येकाच्या टेबलाचा एकेक खिळा ठोकला, बाइंडिंगचाच दोरा घेतला आणि कागद जिथून जिथं जातो तसा ताणत सुटलो. डीटीपीवाल्या बाई, मशीनमन, घडीवाल्या मावशी, बाइंडर, पुन्हा मागे, पुन्हा पुढे... मशीनमन म्हणतो, "साहेब, स्वेटर विणताय का?" हसा लेको! दोष माणसात नसतो...

आणि बघतो तर काय, सगळ्यांच्या खिळ्यांना एकेक वेढा, आणि एकाच खिळ्यावर हा एवढा गुंता! कुणाचा खिळा? अहो... माझा! बारा वर्षांपूर्वी एका पुस्तकात सोळा पानांचा फर्मा उलटा दुमडून तसाच शिवला गेला, तेव्हापासून प्रत्येक टप्प्याला माझा 'पाहिलं' असा शिक्का लागतो. मी जेवायला गेलो की अख्खा छापखाना हात बांधून बसलेला!

तेवढ्यात मालकांची पावलं वाजली. खोटं कशाला बोलू, खिळा उपटायला हात गेला होता... नाही उपटला. शिक्काच मालकांच्या हातात ठेवला, म्हटलं, "गाठ इथं आहे, बाइंडरला राहू द्या." आणि उलटा फर्मा? तो मावशी घडी घालतानाच पकडतात हो, त्यांना कधी कुणी विचारलंच नव्हतं!

आता एकवीस दिवसांचं पुस्तक नवव्या दिवशी बाहेर! बाइंडर शीळ घालत शिवतोय. छाती फुगते माझी, का फुगू नये? मांडणी इतकी चोख बसली, की तिच्यात माझं टेबलच बसेना. ते दाराशी सरकवलंय, त्यावर सगळ्यांचे डबे असतात.

परवा घरी चहाला उशीर झाला, म्हणून ओट्यापुढं उभा राहून बायकोला समजावत होतो, अगं, दोष माणसात नसतो... तर म्हणते, "छापखान्यात नसेल. इथं आहे, आणि तो गॅससमोर उभा आहे. सरका!"

सरकलो. सवय झालीये आता.