आमच्या विहिरीचं गोड पाणी

…आता तुमीच सांगा, पाणी काचेवानी साफ, वास नाही काही नाही, अन् कोणी म्हटलं हे पिऊ नका, तर म्याबी आधी हेच म्हटलं असतं, काहून गा? तीस वर्षांआधी उमरेड रोडवर प्लॉट घेतला तेव्हा लेआउटात नळ नव्हता, म्हणून म्या, या चंद्रभाननं, विहीर खोदली, अन् साऱ्या गल्लीनं तेच पाणी पिलं. धरमपेठसारख्या बड्या वस्तीतले पाहुणे तर जाताना बाटल्या भरून नेत… म्हणत, पाणी तर गोड आहे.

तर झालं काय, आमची दिपाली बाळंतपणाले आली, नात झाली. दिपालीचं दूध पुरे ना, म्हणून डब्याचं सुरू केलं. आमची वच्छला म्हणे, "अवो, लेकरासाठी विकतची कॅन आणा." म्या म्हटलं, "काहून वं? घरची विहीर असताना? तू चांगलं उकळ, पाणी तर गोड आहे." ती बिचारी गंजभर पाणी अर्धं आटेपर्यंत उकळे.

दीड महिन्याची झाली अन् एका सकाळी पाहतो तर पोरीचे ओठ निळे, रडणं बारीक. म्या म्हटलं, थंडी असन. वच्छलानं माह्याकडं पाह्यलंबी नाही, सरळ ऑटो बोलावला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारते काय, तर, "दुधात पाणी कोणतं टाकता?" म्या छाती काढून सांगितलं, घरच्या विहिरीचं, गोड आहे.

"काका, नायट्रेट नावाचा क्षार गोड पाण्यातही असतो. लहान लेकराच्या रक्तात मग प्राणवायू टिकत नाही."

"पण आमी तर उकळून देऊन राहिलो होतो."

"उकळलं की पाणी उडते, नायट्रेट खालीच राहते. तुमी तिले आटवून पाजलं."

डॉक्टरीणबाईनं लगेच पोरीले इंजेक्शन दिलं. दुपारी पोरगी गुलाबी झाली, भुकेनं ओरडली, अन् मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो… डोळ्यांत कचरा गेला म्हणून सांगितलं.

मंग पाणी तपासाले सोनिका नावाची पोरगी आली. नायट्रेटची मर्यादा लिटरमागं पंचेचाळीस मिलिग्राम, आमचं निघालं एकशे बारा. "मागच्या वावरात युरिया पडते, तेही आहे," म्हणे, "पण मैल्यातूनबी नायट्रेट झिरपते, संडासाची टाकी कुठं आहे?" म्या दाखवली. विहिरीपासून पंधरा पावलं. "इतक्या जवळ कोणी बांधली?" आता काय सांगू? मीच बांधली, उभं राहून बांधली.

पाटी लावली, पिण्यासाठी नाही. दुसऱ्या दिवशी शेजारच्या रंभाबाई बकेट घेऊन हजर. "भाऊजी, कोणाशी भांडले का?" सारं समजावलं. त्यांची सून करिष्मा, सातवा महिना चालू आहे, तेही म्हटलं. ऐकलं सारं अन् बकेट भरून राहिल्या! "असू द्या, पाणी तर गोड आहे."

मंग म्या मोटर काढली, विहिरीवर जाळी टाकून कुलूप लावलं. त्या दिवसापासून गल्ली बोलत नाही. म्हणतात, चंद्रभानले मस्ती चढली, पाणी तोडलं.

आता एक दिवसाआड टँकर येते. मीबी ड्रम घेऊन लायनीत लागतो, पण बाया पुढं सरकू देतील तर शपथ. म्हणतात, "तुमी थांबा जी, तुमची तर घरची विहीर आहे."

थांबतो… काय करता?