पाठीवरची करडई

रंभाआत्या : मोहोळपासनं यष्टीत उभ्यानं आले बग.

भार्गवी : ज्ञानदा, आत्यांनी आणलेली कडबोळी त्या डब्यात काढ.

ज्ञानदा : वहिनी, आशिषदादाच्या कारखान्यातले नॅपकिन मांडले टेबलावर. जुन्या झाडाफुलांच्या चित्रांचे.

रंभाआत्या : शिंपी म्हणला, कापड लई कमी हाय. बगलंत दुसरं जोडलं.

भार्गवी : कसला शिंपी, आत्या?

रंभाआत्या : हे की. मागं आले तवा तू ओटीत घातलंस ते. झंपर शिवून घेतला. ही बग, पाठीवर करडी आलीया. काटंसुदा बरोबर काडल्यात. आशिष सांगत हुता, दोनशे वर्सांमागचं चित्र हाय.

ज्ञानदा : आत्या, ते कापड…

भार्गवी : ज्ञानदा, चहा गाळ.

रंभाआत्या : आमच्या शेजारची अंबुबाई जळली की माज्यावर. म्या म्हणलं, भाचसुनंला ठावं हाय माज्या रानात काय पिकतंय. मुद्दाम निवडलं तिनं. निवडलंस न्हवं?

भार्गवी : हो.

रंभाआत्या : व्हय ना. हातपाय धुऊन येते.

ज्ञानदा : वहिनी, ते भांडी पुसायचं कापड आहे.

भार्गवी : हळू बोल.

ज्ञानदा : बाहेर टेबलावर हीच करडई आहे. पाहुणे तिनं हात पुसणार, आणि आत्या समोर बसणार.

भार्गवी : गोळा कर सगळे. मशीनमध्ये कोंब.

ज्ञानदा : दादाला माल दाखवायचाय त्यांना. त्यासाठी तर जेवायला बोलावलंय.

भार्गवी : चिडू दे त्याला. कागदाचे ठेव. मला आत्यांकडं बघवत नाहीये गं.

ज्ञानदा : मग सांगून टाक.

भार्गवी : काय सांगू? चित्र कसलं ते बघितलंही नव्हतं, असं? कोपऱ्यात रंग फुटलेला म्हणून परत आलेल्या मालातलं वरचं उचललं.

ज्ञानदा : कोपरा बगलेत गेला असेल.

भार्गवी : गप्प बस.

रंभाआत्या : पोरींनो, टेबलावरचं का उचलताय?

भार्गवी : आत्या, ते… डाग पडलेत त्यांना.

रंभाआत्या : आत येतानाच बगितलं की म्या. कुटं डाग हायत?

भार्गवी : आत्या…

रंभाआत्या : मांडा परत. आशिषचं काम हाय. म्या पदर घेते दोन्ही खांद्यांवरनं.

(ओटी भरली त्या दिवशी भार्गवीच्या कपाटात नव्या खणांचा गठ्ठा होता.)