भास्करला पाठीवर नेताना

काय सांगू बाई, आम्ही मूळचे नगरकडचे. शाळा चौथीत सुटली. लग्न झाल्यावर हडपसरला आलो, कंपनीत हेल्पर म्हणून लागलो, मग फिटर झालो. तेव्हा इथं ऊस होता, आता काचेच्या इमारती, गळ्यात पट्टे घालून पोरं फिरतात. आमची कंपनीही त्यातच गेली, जागा विकली, आम्हाला घरी बसवलं. जाऊ दे ते, तुम्ही भास्करचं विचारलंत.

भास्कर चाळीत आमच्यापासून दोन दारं सोडून. लहानपणीच पोलिओनं दोन्ही पाय गेलेले. रेडिओ दुरुस्त करायचा, पुढं मोबाईल आले, तेही शिकला. हात सोन्याचे, जीभ मात्र कात्री. आमच्या चर्चची उपासना पहिल्या मजल्यावर, जिना अरुंद, एकवीस पायऱ्या. दर रविवारी मी त्याला पाठीवर घेऊन चढायचो. पहिल्याच दिवशी त्यानं हात नुसते खांद्यावर ठेवले. मी म्हणलं, घट्ट धर की मुडद्या, पडशील. तर म्हणाला, तू धरलंयस ना, मग मी कशाला धरू? भ्यायलो तर तुझा गळा आवळीन, मग दोघंही खाली. मला चेष्टाच वाटली.

माझी बायको रत्ना मागून गीतांची पुस्तकं घेऊन यायची. म्हणायची, भाऊजी, वजन वाढलंय, मटण झालं का काल? हा म्हणायचा, वहिनी, तुम्ही बोलावत नाही, मग बाहेर खावं लागतं. असं चालायचं बाई, जिनाभर.

मग रत्ना आजारी पडली. पाच महिने. मी उपास केले, गुडघे टेकले, पाळकसाहेबांनी हात ठेवून प्रार्थना केली. गेली. मी भास्करला म्हणलं, तुझा देव ऐकत नाही, मी काही त्याच्या दारात येणार नाही. तो म्हणाला, मी जन्मभर पाय मागतोय, मला काय सांगतोस? मी उठून निघून आलो.

त्यानंतर रविवारी सकाळीच स्वारगेटची बस धरून मंडईला जायचो. भाजी काय हडपसरला मिळत नाही? पण भास्करचं दार चुकवायचं होतं. मेथीची जुडी घ्यायचो, रत्नाला आवडायची म्हणून, आणि घरी निवडायला बसलो की कळायचं, आता कुणासाठी.

एकदा शेजारीण म्हणाली, अहो, ते भास्करभाऊ दर रविवारी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून नऊपासून दारात बसतात, दुपारी आत जातात. तीन महिने झाले होते, बाई. मी चिडून गेलो. म्हणलं, चर्चमधली तरणी माणसं मेलीत का, त्यांना सांगता येत नाही?

तो म्हणाला, विचारून गेली चारदा. ती नेतील मला. पण मग तू कुठनं येशील?

वाकलो, घेतला पाठीवर. अर्ध्या जिन्यात मागून रत्नाचा आवाज नाही हे ध्यानात आलं आणि मला रडू फुटलं, पाय लटपटायला लागले. त्याला कळत होतं, मी कधीही पडीन. तरी त्यानं हात आवळले नाहीत, तसेच ठेवले, हलके. आयुष्यभर प्रवचनं ऐकली मी, पण भरवसा कसा असतो ते त्या जिन्यात माझ्या खांद्याला कळलं.

आता माझे गुडघे गेले. आम्ही दोघं खालीच बसतो, गाणी वरून ऐकू येतात, भास्कर बेसूर गातो, पाळकसाहेब प्रभुभोजनाची भाकर नि द्राक्षरस खाली घेऊन येतात. लोक म्हणतात, आठवण कमी होते. खोटं आहे. मी रोज देवाकडे रत्नाला बघायला मागतो, रोज नाही म्हणतो तो. भांडतो मी त्याच्याशी. पण आता तिला त्याच्याकडे सोपवून झोपतो. देव तुमचंही भलं करो, बाई. झोपताना मी एवढंच सांगतो त्याला, अंगावर पांघरूण घाल तिच्या, तिला थंडी सोसत नाही.