जरा कमी वाईट रस्ता

...आणि वर मलाच विचारतात, "वेंडेल, मत वाया कशाला घालवायचं?" अहो, मत म्हणजे काय दूध आहे का नासायला? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं झाली, मी आमच्या टॅनर्स रनच्या मतदान केंद्रावर बसतोय, त्या आगीच्या बंबवाल्यांच्या हॉलमध्ये, दाराशी, "मी मत दिलं" असं लिहिलेले स्टिकर वाटत, आणि बावीस वर्षं बघतोय, माणूस आत जाताना लाल पक्षाचा असो नाहीतर निळ्या, बाहेर येताना तोंड एरंडेल प्यायल्यासारखं! "काय अर्ल, झालं मत?" "झालं बाबा... निळा जरा कमी वाईट होता." "तुझं गं, बर्निस?" "लाल रे. तोच जरा कमी वाईट." एकदा तरी कुणी म्हणावं, वेंडेल, आज मनासारख्या माणसाला मत दिलं, बरं वाटलं! नाव नको.

बरं, नुसतं तोंड वाकडं करून भागलं असतं तर मी कशाला तुमचं डोकं खाल्लं असतं? पण आमच्या डोक्यावर धरण आहे. मातीचं. माझ्या आजोबांच्या वेळचं. दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायथ्याशी ओल दिसली, टोपीएवढी. आम्ही म्हटलं, दव असेल. पुढच्या वर्षी चादरीएवढी. आता तिथे लव्हाळा उगवलाय, बेडूक ओरडतात! लाल आमदार आला, कमरेवर हात ठेवून म्हणतो, "हे सगळं निळ्यांचं पाप!" निळा आला, त्याच दगडावर उभा राहिला, "लालांनी काम अडवलं हो, लालांनी!" फोटो काढले, बूट पुसले, गेले. ओल आहे तिथेच. आहे तिथेच कुठली, वाढतेय...

मग निवडणुकीला उभी राहिली आमची ऑड्री. ऑड्री क्लाइन. चौतीस वर्षं तिने शाळेची बस चालवली, अर्ध्या गावाला लहानपणी तिने "खाली बस!" म्हणून दटावलेलं, अजूनही ती रस्त्याने निघाली की भलेभले पट्कन टेकतात. ही रोज सकाळी काचेची बरणी घेऊन धरणाखाली जाते, झिरपणारं पाणी भरते, उजेडात धरून बघते. मला म्हणाली, "वेंडेल, पाणी नितळ आहे तोवर श्वास घे. गढूळ झालं ना, तर समज, धरण आतून पोखरतंय." ना लाल, ना निळी. मुद्दा एकच, धरण. उभं राहायला सह्या लागतात, तर गावाने धडाधड सह्या केल्या, एकमेकांच्या पाठीवर कागद ठेवून केल्या!

मतदानाच्या दिवशी ती बाहेर, नियमाच्या अंतरावर, थंडीत उभी. जो तो तिचा हात दाबून आत जातोय, आणि येताना मला डोळा मारतोय. मी म्हटलं, आली! आज आली बाई निवडून! संध्याकाळी दार बंद झालं, मशीनमधून आकड्यांची पट्टी निघाली, ती दाराला चिकटवायचं काम माझं. लाल, एकशे सत्तावन्न. निळे, एकशे चोपन्न. ऑड्री क्लाइन... एक.

एक! मी चष्मा पुसला. तरी एकच.

दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी रांग! अर्ल म्हणाला, "ऑड्री, ते एक माझं बरं का!" बर्निस म्हणाली, "कुणाला सांगू नकोस, पण ते मीच!" अहो, आमचा पाद्री... पाद्रीसुद्धा! संध्याकाळी मीही गेलो, गरम मक्याचा पाव घेऊन. म्हटलं, "ऑड्री, बोलणार नव्हतो, पण ते जे एक मत..." ती बरणी धूत होती. मान वर न करता म्हणाली, "वेंडेल, ते माझं होतं."

आता सांगा, कुठे तोंड लपवायचं? मनात तीच होती हो, शपथेवर सांगतो! पण पेन हातात घेतलं आणि कानात आमच्या बायकोचा, लोर्नाचा आवाज, "मत वाया घालवू नकोस हं! उद्या निळा आला म्हणजे?" ...शरम वाटते. अजून वाटते.

आणि गंमत ऐका, ह्याच हॉलमध्ये, ह्याच टेबलांवर, दर वसंतात आमची लोणच्यांची स्पर्धा होते. पूर्वी तिथेही तेच, एक गोडवाले, एक आंबटवाले, एकदा तर बरण्या फुटल्या! तेव्हापासून चिठ्ठीवर आवडीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे. तुमचं पहिलं लोणचं सगळ्यात कमी मतं पडून बाद झालं, की तुमची चिठ्ठी तुमच्या दोन नंबरच्या लोणच्याला जाते. संपलं! कुणाचं काही वाया जात नाही, म्हणून जो तो बेधडक मनातलं लिहितो. आणि जिंकतं कोण? दर वर्षी ऑड्रीचं बीटाचं लोणचं! मी ओरडून सांगतो, "अरे, लोणच्याला जमतं ते आमदाराला का नाही?" तर लाल म्हणतात, "हा निळ्यांचा डाव," निळे म्हणतात, "हा लालांचा." ह्या एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत!

यंदाही तीच जिंकली. टाळ्या झाल्या. तिने फीत घेतली, पिशवीतून दुसरी बरणी काढली आणि टेबलावर ठेवली. आत चहाच्या रंगाचं पाणी. खाली बोटभर माती. मागून कुणीतरी विचारलं, "हे कसलं लोणचं?" कुणी हसलं नाही.

मग काय, धावपळ! धरण फुटलं तर पळायचं कुठून? लालांनी पाट्या लावल्या, पुलाच्या रस्त्याने. निळ्यांनी लावल्या, गिरणीच्या रस्त्याने. अहो, दोन्ही रस्ते धरणाखालच्या ओढ्याच्या काठाने जातात! ऑड्री घसा फोडून सांगतेय, "चढा रे! कबरस्तानामागून टेकडीवर चढा, सात मिनिटं लागतात!"

परवा शनिवारी भर दुपारी सराव झाला. भोंगा वाजला. निम्मं गाव पुलाकडे, निम्मं गिरणीकडे. वर थडग्यांमध्ये ऑड्री एकटी उभी, दोन्ही हात हलवतेय, बस सुटताना मुलांना बोलवायची ना, तश्शी. सगळ्यांनी बघितलं. सगळ्यांनी हात हलवले. अर्ल म्हणाला, "बाई बरोबर सांगतेय." बर्निस म्हणाली, "अगदी बरोबर. पण तिकडे एकटं कोण जाणार?"

मी? ...मी पुलाच्या रस्त्याला होतो. आता काय करणार हो... तो जरा कमी वाईट आहे.