बाबाच्या तोंडावरची पट्टी

तुमाले सांगतो, आमचे बाबा फोटोत कधी हसलेच नाही. हसायचे फक्त व्हिडिओ कॉलवर, नागपूरच्या नातीसंग. म्हणून तिच्या बापानं, म्हणजे माझ्या लहान्या भावानं, पायथनमध्ये प्रोग्राम लिहिला. बटन दाबलं की स्क्रीनवर दिसते तसाच, कॉलमधला नुसता बाबाचा चौकोन फोटो म्हणून जमा. वरून हौस अशी, की तेवढ्यात स्क्रीनच्या मधोमध पट्टी यायची: 'फोटो काढून राहिलो.'

बाबा गेले. तेरवीले फोटो पाहिजे म्हणून पहिल्यांदा उघडले, तर प्रत्येकात बाबाच्या तोंडावर तीच पट्टी.

आई म्हणे, "हसले होते न गा थे! मी बाजूलेच बसली होती."

हारामागं आता आधार कार्डावरचे बाबा आहेत, डोळे वटारून.